वीस मायक्रॉनचे हातजाळे : वर्षभराच्या वापरानंतरचे परीक्षण

समुद्रातील प्लवक, म्हणजे पाण्याबरोबर तरंगत वाहणारे जीव, गोळा करण्याचे हातजाळे हे दिसायला फार साधे उपकरण आहे. तोंडाशी पोलादी कडे, त्याला शिवलेला बारीक नायलॉन जाळीचा शंकू, शंकूच्या टोकाला काढता-घालता येणारी बाटली आणि कड्याला तीन दोऱ्यांनी बांधलेला ओढदोर, एवढाच त्याचा संसार. मी ज्या संचाबद्दल लिहीत आहे त्यातील जाळ्याचे तोंड ३० सेंटीमीटर व्यासाचे आहे, शंकू ९० सेंटीमीटर लांब आहे आणि जाळीचे छिद्र २० मायक्रॉनचे, म्हणजे एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढे आहे. त्यासोबत तोंडाशी लावायचा प्रवाहमापक, पेशी मोजण्याची काचपट्टी, नमुना टिकवण्यासाठी लुगॉलचे आयोडीन, नमुन्याच्या बाटल्या आणि एक माहितीपुस्तिका मिळते. अशाच रचनेचे संच अनेक निर्माते विकतात. त्यामुळे नावात न अडकता या प्रकारच्या संचाकडून काय मिळते आणि काय मिळत नाही, याबद्दलच लिहिणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

हा संच मी एका ठरावीक हेतूने घेतला. उष्ण कटिबंधातील किनाऱ्याजवळच्या एकाच जागी, दर आठवड्याला, ठरलेल्या वेळी जाळे ओढायचे आणि तिथल्या सूक्ष्म प्लवकांचा समुदाय वर्षभरात कसा बदलतो ते पाहायचे, असा तो हेतू होता. एकदाच जाळे टाकून त्यात काय सापडते ते कुतूहलाने पाहणाऱ्याचे आणि दर आठवड्याला त्याच पाण्याची नोंद ठेवणाऱ्याचे जाळ्याशी असलेले नाते सारखे नसते. पहिल्याला भरपूर सापडले की तो खूश होतो, तर दुसऱ्याला आजचे जाळे मागच्या महिन्यातील जाळ्यासारखेच वागले याची खात्री हवी असते. हे परीक्षण दुसऱ्या प्रकारच्या ग्राहकासाठी आहे.

आधी पुस्तिकेबद्दल, कारण संचातील सर्वांत कच्चा भाग तोच आहे. उष्ण समुद्रात ऋतू ठळक नसल्याने प्लवकांत फारसा फरक पडत नाही, त्यामुळे महिन्यातून एक नमुना पुरेसा आहे, असे तिच्यात दुसऱ्याच पानावर लिहिले आहे. समशीतोष्ण समुद्रात हिवाळी वादळे पाणी ढवळून पोषकद्रव्ये वर आणतात आणि वसंतात सूर्यप्रकाश वाढताच वनस्पतिप्लवकांचा एकदम बहर येतो. हा बहर उष्ण कटिबंधात त्याच रूपात दिसत नाही, इतपत पुस्तिकेचे म्हणणे खरे आहे. पण त्यावरून बदलच होत नाही असा निष्कर्ष काढणे चूक आहे. उष्ण पाण्यात प्रकाश बारमाही असतो आणि तुटवडा असतो तो नायट्रेटचा, फॉस्फेटचा आणि काही ठिकाणी लोहाचा. वरचा ऊबदार आणि हलका थर खालच्या थंड, जड आणि पोषकद्रव्यांनी समृद्ध पाण्यावर झाकणासारखा बसलेला असतो. हे झाकण वाऱ्याने, किनाऱ्यालगत खालून वर येणाऱ्या पाण्याने, मोठ्या भोवऱ्याने किंवा वादळाने थोडेसे उचलले गेले, किंवा नदीच्या पुराने वरूनच पोषकद्रव्ये आणून ओतली, की काही दिवसांतच तिथली वस्ती पालटते. अनुकूल स्थितीत यांतील अनेक पेशी दिवसाला साधारण एकदा विभागतात, त्यामुळे महिन्यातून एक नमुना घेणे म्हणजे तीस पिढ्यांनंतर एकदा डोकावून पाहणे होय. माणसाच्या हिशेबात बोलायचे तर एखाद्या गावाला सातशे वर्षांनी पुन्हा भेट देऊन तिथे काही बदलले आहे का असे विचारण्यासारखे ते आहे. पुस्तिकेचे हे पान फाडून टाकावे आणि आठवड्याला एक नमुना हाच किमान नियम मानावा, असे माझे मत आहे.

जाळ्याची बांधणी मात्र चांगली आहे. शिवण दुहेरी आहे, कड्याजवळ जाड कापडाची पट्टी आहे आणि टोकाच्या बाटलीला बाजूने त्याच जाळीची खिडकी दिलेली आहे, त्यामुळे जास्तीचे पाणी निथळून जाते आणि प्लवक थोड्या पाण्यात दाट होऊन हाती येतात. ओढ संपल्यावर जाळे उभे धरून बाहेरच्या बाजूने पाणी मारले की आत चिकटलेले जीवही बाटलीत उतरतात. पाणी आतून मारू नये, कारण त्या पाण्यातले प्लवक नमुन्यात मिसळतात. ही इतकी महत्त्वाची गोष्ट पुस्तिकेत नाही.

खरी गुंतागुंत आहे ती किती पाणी गाळले गेले या प्रश्नात. तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ०.०७ चौरस मीटर आहे, म्हणून ५० मीटर ओढल्यावर साडेतीन घनमीटर, म्हणजे साडेतीन हजार लिटर पाणी जाळ्यातून गेले, असे गणित पुस्तिका मांडते. हे गणित कागदावर बरोबर आणि पाण्यात चूक आहे. बारीक जाळीत धाग्यांनीच बहुतेक जागा व्यापलेली असते. २०० मायक्रॉनच्या जाळीत मोकळी जागा कापडाच्या जवळजवळ निम्मी असते, पण २० मायक्रॉनच्या जाळीत ती सहाव्या-सातव्या भागावर येते. आता हिशेब करून पाहा. या शंकूचे कापड तोंडाच्या सहापट आहे, परंतु त्यातील छिद्रांची एकूण जागा तोंडाइतकीसुद्धा भरत नाही. ही जागा तोंडाच्या निदान तीन ते पाच पट असावी, अशी जाळे बनवणाऱ्यांची जुनी अपेक्षा असते. ती पुरी न झाल्यामुळे तोंडाशी आलेले काही पाणी आत शिरण्याऐवजी बाजूने निसटून जाते आणि जाळे वेगाने ओढावे तितके जास्त निसटते. म्हणून हे जाळे सेकंदाला अर्ध्या मीटरपेक्षाही हळू ओढावे लागते, आणि प्रवाहमापक ही केवळ सोय न राहता त्याच्याविना नोंदीला अर्थच उरत नाही.

आणि नेमका तोच भाग निर्मात्याने सर्वांत हलका दिला आहे. प्रवाहमापक म्हणजे पाण्याच्या ओघाने फिरणारा छोटा पंखा आणि त्याचे फेरे मोजणारे आकड्यांचे चक्र. पहिले चार महिने तो बिनतक्रार चालला. पाचव्या महिन्यात मात्र त्याच्या धारव्यात (बेअरिंगमध्ये) मीठ आणि बारीक वाळू अडकून पंखा अडखळू लागला आणि पुढे पूर्ण थांबला. प्रत्येक वापरानंतर गोड्या पाण्याने धुऊनही हे झाले, त्यामुळे दोष माझ्या निष्काळजीपणाचा आहे असे मला वाटत नाही. निर्मात्याला कळवल्यावर सुटा भाग मिळत नाही, पूर्ण मापक नव्याने घ्यावा लागेल, असे उत्तर आले. मी तो घेतला नाही आणि दोराच्या लांबीवरून अंदाज करीत राहिले. ही चूक मला पुढे महागात पडली, तिच्याकडे नंतर येते.

जाळी चोंदण्याचा आणखी एक परिणाम आहे आणि काळानुसार होणारा बदल पाहणाऱ्याने तो नीट समजून घेतला पाहिजे. पाणी स्वच्छ, निळे आणि विरळ असते तेव्हा जाळे शेवटपर्यंत ठीक गाळते. बहर आला की कीटोसेरॉससारख्या काटेरी डायाटमच्या, म्हणजे कवचधारी एकपेशी शैवालांच्या, साखळ्या आणि पेशींभोवतीचा चिकट द्राव छिद्रांवर बसतो, आणि अर्ध्या ओढीतच जाळे पाण्याने भरलेल्या पिशवीसारखे जड होते. म्हणजे जेव्हा मोजण्यासारखे सर्वांत जास्त असते तेव्हाच जाळे सर्वांत कमी मोजते आणि आलेखावरचे शिखर बुटके होते. यावर उपाय म्हणून दाट पाण्यात ओढ १० ते १५ मीटरपर्यंत कमी करून ती दोन-तीन वेळा करावी. सगळा नमुना एका लांब ओढीत मिळवण्याचा मोह टाळावा.

इतके सांभाळल्यावर हे जाळे जे दाखवते ते मात्र खरोखर देखणे आहे. उन्हाचे, वारा पडलेले आठवडे सुरू झाले की नमुन्यात ट्रायकोडेस्मियमच्या धाग्यांच्या जुड्या येऊ लागतात. या नीलहरित जीवाणूच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असतात, त्यामुळे त्या जुड्या तरंगत वर येतात आणि शांत समुद्रावर भुश्शाच्या पट्ट्यांसारख्या पसरतात. जुन्या खलाशांनी त्यांना समुद्रातला लाकडाचा भुसा म्हटले ते उगीच नाही. हवेतला नायट्रोजन थेट वापरण्याची क्षमता असल्यामुळे बाकीच्यांची नायट्रेटविना उपासमार होत असताना हा जीव फोफावतो. त्याच दिवसांत तीन शिंगांचे सेरेशियम आणि इतर डायनोफ्लॅजेलेट हे एकपेशी जीव दिसतात. त्यांना कशाभिका, म्हणजे चाबकासारखे धागे, असल्याने ते स्वतः हालचाल करून प्रकाश आणि पोषकद्रव्ये यांच्यामधली जागा शोधू शकतात. मग वारा सुटतो, पाणी ढवळते, आणि पुढच्या आठवड्याचा नमुना पाहिला की आपण चुकून दुसऱ्याच समुद्रात आलो की काय असे वाटावे, इतक्या डायाटमच्या साखळ्या काचेवर पसरलेल्या असतात. डायाटमना स्वतःहून पोहता येत नाही आणि त्यांचे वाळूच्या द्रव्याचे कवच जड असते. त्यांना तरंगत ठेवायला ढवळलेले पाणी आणि वाढायला भरपूर अन्न लागते, ते दोन्ही तेव्हा एकदम मिळते. स्पॅनिश शास्त्रज्ञ रामोन मार्गालेफ यांनी १९७८ मध्ये हाच क्रम एका आकृतीत मांडला होता. पाणी किती खळबळते आणि त्यात पोषकद्रव्ये किती आहेत या दोन अक्षांवर कोणता गट कुठे बसतो, हे ती आकृती सांगते. आठवड्यांच्या नोंदी समोर ठेवून ती पाहिली की डायाटमपासून डायनोफ्लॅजेलेटपर्यंतची वाट आपल्या वहीतच आखलेली दिसते.

नमुना घेण्याची वेळही जाळ्याच्या छिद्राइतकीच महत्त्वाची आहे. कोपेपॉडसारखे प्राणिप्लवक दिवसा खोल अंधारात राहतात आणि रात्री चरायला वर येतात, म्हणून सकाळचा एक नमुना आणि संध्याकाळचा दुसरा अशी मिसळ केली तर आठवड्यांमधला फरक आणि दिवस-रात्रीचा फरक एकमेकांत गुंततात. अर्थात पूर्ण वाढलेला कोपेपॉड या सावकाश चालणाऱ्या जाळ्याला सहज चकवतो. हाती लागतात ती त्याची पिल्ले, म्हणजे नॉप्लियस अवस्थेतील डिंभ. त्यांच्या सहा अवस्था असतात आणि त्या ओळखण्याचा छंद जडला की संध्याकाळ कशी गेली ते कळत नाही. प्रौढ प्राणिप्लवकांचा अभ्यास करायचा असेल तर २०० मायक्रॉनचे मोठे जाळे वेगळे घ्यावे. हे जाळे त्या कामाचे नाही.

आता या जाळ्याच्या सर्वांत मोठ्या मर्यादेकडे. 'समुद्रातील संपूर्ण सूक्ष्म जीवन आपल्या हाती' असे संचाच्या वेष्टनावर छापले आहे. खुल्या उष्ण समुद्रातील बहुसंख्य सूक्ष्म जीव या जाळ्यातून विनासायास आरपार जातात. प्लवकांची वर्गवारी आकारावरून केली तर ०.२ ते २ मायक्रॉनचे पिकोप्लवक, २ ते २० मायक्रॉनचे नॅनोप्लवक आणि २० ते २०० मायक्रॉनचे सूक्ष्मप्लवक असे गट पडतात. हे जाळे फक्त शेवटच्या गटासाठी आहे, आणि आधीच्या दोन गटांतील जे जीव साखळी करतात किंवा एकमेकांना चिकटतात तेवढेच त्यात अपघाताने सापडतात. प्रोक्लोरोकॉकस हा जीवाणू घ्या. पृथ्वीवरील प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवांत तो संख्येने सर्वांत जास्त आणि आकाराने सर्वांत लहान मानला जातो. साधारण ४० अंश उत्तर ते ४० अंश दक्षिण या पट्ट्यातील समुद्रात तो सर्वत्र आढळतो. त्याची पेशी सुमारे ०.६ मायक्रॉनची असते. मोहरीचा दोन मिलिमीटरचा दाणा साडेसहा सेंटीमीटरच्या भोकातून जसा पडेल, तशी ती या जाळीतून जाते. निळ्या समुद्रात एका मिलिलिटर पाण्यात अशा लाखभर पेशी असू शकतात. या हिशेबाने साडेतीन घनमीटरांच्या एका ओढीत पस्तीस हजार कोटी पेशी जाळ्याच्या तोंडातून आत येतात आणि जाळीतून बाहेर जातात, आणि बाटलीत त्यांचा मागमूसही नसतो.

जाळ्यांचा हा दोष जुनाच आहे. 'प्लँक्टन' हा शब्द जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सेन यांनी १८८७ मध्ये रूढ केला तेव्हा समुद्राची सुपीकता रेशमी जाळ्यांनी मोजण्याची मोठी उमेद होती. त्यांच्याच परंपरेतील हान्स लोमान यांच्या लक्षात आले की अपेंडिक्युलेरियन नावाचा एक छोटा पारदर्शक प्राणी स्वतःभोवती श्लेष्माचे घर बांधतो आणि त्याच्या गाळणीत जे जीव अडकतात त्यांतले कित्येक माणसाच्या जाळ्यात कधी आलेलेच नव्हते. समुद्रात काय आहे हे शोधायला एका प्राण्याच्या जेवणाचे ताट तपासावे लागले, हा मला प्लवकशास्त्रातील सर्वांत आवडता प्रसंग वाटतो. पुढे सिनेकोकॉकस हा दुसरा अतिसूक्ष्म नीलहरित जीवाणू १९७९ मध्ये आणि प्रोक्लोरोकॉकस १९८८ मध्ये प्रकाशात आले. प्रोक्लोरोकॉकसच्या शोधात सॅली चिझम, रॉबर्ट ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारीक प्रवाहातील एकेक पेशी लेझरने तपासणारे यंत्र जहाजावर नेले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हवाई बेटांच्या उत्तरेला, ओआहूपासून सुमारे १०० किलोमीटरवर असलेल्या अलोहा स्थानकावर जवळजवळ दर महिन्याच्या नोंदी सुरू झाल्या आणि त्या अजून चालू आहेत. तिथले खोल निळे पाणी उपग्रहावरून वर्षभर एकसारखे ओसाड दिसते. तरीही उन्हाळ्यात वरच्या थरात नायट्रोजन स्थिर करणारे जीव वाढतात, हिवाळ्यात पाणी थोडे खोलवर मिसळते, आणि प्रखर प्रकाशात राहणारे व मंद प्रकाशात राहणारे प्रोक्लोरोकॉकसचे प्रकार खोलीप्रमाणे आपली जागा वाटून घेतात. हिवाळ्यात तिथे वरच्या पाण्यातील हरितद्रव्य वाढलेले दिसते, पण त्याचा अर्थ दर वेळी पेशी वाढल्या असा होत नाही. प्रकाश कमी झाला की तीच पेशी आपल्यात अधिक हरितद्रव्य साठवते. हा सगळा बदल वीस मायक्रॉनच्या जाळ्याच्या नजरेआड होतो.

याचा व्यवहारातला अर्थ व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यालगतच्या कारियाको खोऱ्यातील नोंदींवरून चांगला कळतो. तिथे नोव्हेंबर १९९५ पासून २०१७ पर्यंत नियमित निरीक्षणे झाली. व्यापारी वारे जोरात असताना खालचे थंड पाणी वर येते आणि डायाटम वाढतात, हा तिथला वार्षिक क्रम होता. पुढे पाणी वर येण्याचे प्रमाण घटले आणि मोठ्या पेशींच्या जागी लहान पेशींचे राज्य आले. हा बदल निव्वळ बारीक जाळ्याने पाहणाऱ्याने 'प्लवक कमी झाले' एवढेच लिहिले असते. वस्तुतः एक समुदाय जाऊन त्याच्या जागी दुसरा आला होता, आणि दुसरा जाळीच्या छिद्राहून लहान होता.

ही उणीव भरून काढण्यासाठी निर्माता एक जोडसेवा देतो. समुद्राचे पाणी ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून पिचकारीने ढकलायचे, गाळणी टिकवण्याच्या द्रवात बुडवून पाठवायची आणि तिच्यावरील डीएनएवरून कोणते गट आहेत त्याचा अहवाल घ्यायचा, अशी ती सेवा आहे. कल्पना उत्तम आहे आणि अहवाल वेळेवर येतात. जाळ्यात कधीच न दिसलेल्या गटांची नावे पहिल्या अहवालात वाचताना मला खोलीत अचानक दिवा लागल्यासारखे झाले. तरी दोन गोष्टी जाणून घेऊनच ही सेवा घ्यावी. पहिली अशी की अहवालात फक्त टक्केवारी असते, संख्या नसते. एक गट वाढला की बाकीचे न घटताही घटल्यासारखे दिसतात. शिवाय ज्या जनुकावरून दृश्यकेंद्रकी, म्हणजे पेशीत स्पष्ट केंद्रक असलेल्या, जीवांची ओळख पटवतात त्याच्या प्रती डायनोफ्लॅजेलेटच्या एका पेशीत हजारोंनी असू शकतात आणि अतिसूक्ष्म शैवालांच्या पेशीत अगदी थोड्या. त्यामुळे ४० टक्के डायनोफ्लॅजेलेट याचा अर्थ दहातल्या चार पेशी त्यांच्या असा होत नाही. दुसरी गोष्ट अशी की सहा महिन्यांनंतरच्या अहवालात काही गट नाहीसे होऊन नवे गट अवतरले तेव्हा मी चकित झाले. चौकशी केल्यावर प्रयोगशाळेने नावे जुळवण्याची संदर्भसूची बदलली असल्याचे कळले. मागणी केल्यावर त्यांनी जुने नमुनेही नव्या सूचीने जुळवून दिले, हे मात्र त्यांच्या पदरात टाकले पाहिजे.

मोजणीची काचपट्टी नेहमीच्या पद्धतीची आहे. ५० मिलिमीटर लांब, २० मिलिमीटर रुंद, १ मिलिमीटर खोल, म्हणजे बरोबर एक मिलिलिटर, आणि तळाशी हजार चौकोन. ४०० पेशी मोजल्यास मोजणीतील अनिश्चितता साधारण दहा टक्के राहते आणि शंभरच मोजल्या तर ती वीस टक्क्यांवर जाते, म्हणून कंटाळा आला तरी चारशेचा आकडा गाठावा. लुगॉलचे आयोडीन काम करते, पण ते सर्व काही तपकिरी करून टाकते, ट्रायकोडेस्मियमच्या जुड्या विस्कटते आणि आम्लयुक्त असल्यास चुन्याचे कवच असलेले जीव विरघळवते. ऱ्हायझोसोलेनिया या डायाटमच्या नळीसारख्या पेशीत राहणारा रिचेलिया हा नायट्रोजन स्थिर करणारा सोबतीही त्या रंगात हरवतो. म्हणून थोडा नमुना जिवंत ठेवून तो त्याच दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा.

आता त्या महागात पडलेल्या चुकीकडे. आठव्या महिन्यात जाळे खडकाला घासून फाटले. निर्मात्याकडून बदली शंकू मागवला. त्याच्यावरही २० मायक्रॉन असेच छापलेले होते, कडेही तेच बसत होते, आणि मी पुढच्या आठवड्यापासून तो वापरू लागले. लागोपाठ तीन आठवडे डायाटमच्या साखळ्या कमी भरल्या. वारा मंदावला होता, ऋतू पालटत होता, आणि डायाटम ओसरून डायनोफ्लॅजेलेटचे दिवस आले असे वाक्य मी वहीत लिहूनही टाकले. चौथ्या आठवड्यात जाळे वाळत घालताना सहज लक्षात आले की नवा शंकू आखूड आहे. मोजला तर तो ९० ऐवजी ६० सेंटीमीटर भरला. म्हणजे कापड एक तृतीयांशाने कमी, छिद्रेही तितकीच कमी, आणि जाळे आधीपेक्षा लवकर चोंदणारे. प्रवाहमापक चालू असता तर आत कमी पाणी शिरत आहे हे पहिल्याच दिवशी कळले असते. फाटलेले जाळे शिवून मी दोन्ही जाळी त्याच पाण्यात आलटून पालटून ओढली तेव्हा जुन्या जाळ्यात साखळ्या उघडच जास्त आल्या. ऋतूचा म्हणून नोंदवलेला निदान काही बदल शिंप्याचा होता.

दोन्ही जाळ्यांच्या तुलनेवरून एक गुणक काढून त्या तीन आठवड्यांचे आकडे दुरुस्त करता येतील, अशी मला आशा होती. तसे झाले नाही. पाणी विरळ असताना दोन्ही जाळी जवळजवळ सारखी वागत आणि पाणी दाट झाले की आखूड जाळे फार मागे पडे. गुणक पाण्यावर अवलंबून बदलत होता, आणि पाणी कसे होते हेच तर शोधायचे होते. त्या आठवड्यांपुढे मी वहीत चौकट आखली आहे आणि आलेखात तिथे जागा रिकामी सोडली आहे. ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञ ॲलिस्टर हार्डी यांच्या कल्पनेतून घडलेले आणि १९३१ पासून मालवाहू जहाजांच्या मागे ओढले जाणारे सतत नोंद घेणारे प्लवकयंत्र २७० मायक्रॉनच्या रेशमी जाळीचे आहे. त्याहून चांगले धागे केव्हाच उपलब्ध झाले असूनही तिथे रेशीमच का टिकवले, हे मला या प्रसंगानंतर कळले. ती जाळीही पुष्कळ काही सोडून देते, पण दशकानुदशके तेच आणि तसेच सोडून देते.

निर्मात्याला हे कळवल्यावर शंकूची लांबी हा 'अंतर्गत बदल' असून छिद्राचे माप तेच असल्याने वापरात फरक पडू नये, असे उत्तर मिळाले. छंद म्हणून जाळे टाकणाऱ्याच्या बाबतीत ते खरेही असेल. मात्र नियमित नोंदींसाठी साधन म्हणून जाहिरात केलेल्या वस्तूचे माप न सांगता बदलणे मला अक्षम्य वाटते, आणि या परीक्षणात मी सर्वाधिक गुण त्यासाठीच कापते.

एवढे असूनही ज्याला उष्ण समुद्रातील मोठ्या वनस्पतिप्लवकांचा आठवड्यागणिक बदल पाहायचा आहे, त्याने हा संच घ्यायला हरकत नाही. जाळे टिकाऊ आहे, काचपट्टी अचूक आहे आणि सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसते त्याने पहिल्या महिन्यातच माणूस गुंततो. फक्त प्रवाहमापक दुसऱ्या, धारवे बदलता येणाऱ्या बनावटीचा घ्यावा, डीएनए सेवा घेतल्यास संदर्भसूचीचा क्रमांक प्रत्येक अहवालावर लिहून मागावा, आणि एका वर्षाच्या नोंदीवरून हवामानाबद्दल काही बोलण्याची घाई करू नये. प्रशांत महासागराचे पाणी तापवणाऱ्या एल निनोसारखी एक घटना सबंध वर्षाचे पाणी पालटू शकते, आणि तिच्यापासून दीर्घकालीन कल वेगळा काढायला अनेक वर्षे लागतात. पहिल्या खरेदीतच एकाच खेपेचे दोन शंकू मागून घ्यावेत आणि दोन्ही मोजून पाहावेत. मी जुन्या शंकूची शिवण उसवून त्याचा कागदी साचा काढला आहे, आणि पुढचे जाळे त्याच मापाने स्थानिक शिलाईवाल्याकडून नव्हे तर माझ्याच हाताने शिवणार आहे.